उद्गारचिन्हांची वाटणी

कळस गावी कालव्याच्या पाण्यासाठी सभा होती. माझं पत्रक सकाळपर्यंत छापून हवं होतं, पण बारामतीच्या छापखान्यात उद्गारचिन्हाचा एकही खिळा शिल्लक नव्हता. सगळे खिळे एका शाळामास्तरांच्या प्रेमकवितांत अडकले होते.

"मास्तरांनी सोडले तर देतो," खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला.

मास्तर तिथंच मुद्रितं तपासत बसले होते. मी त्यांच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "'सखे! गेलीस! गेलीस!' हिच्यात विचार नाहीच. चिन्हं काढली तर भावनाही उरत नाही. मग ही कविता कसली? नुसती ओरड!"

मास्तर शांतपणे म्हणाले, "आता तुमचं पत्रक बघू."

त्यात 'जागे व्हा!' अकरा वेळा होतं.

"हा अकरावा राग खरा आहे का हो?"

मी पत्रकातली दहा चिन्हं खोडली. त्यांनी दुसऱ्या 'गेलीस'पुढचं चिन्ह काढून मला दिलं. ते मी शेवटच्या 'जागे व्हा'ला लावलं. बाकी दहांपुढे पूर्णविराम आले.

सभेत मी पत्रक जसं छापलं तसंच वाचलं. पुढे बसलेले एक तात्या दचकले.

"धा येळा हळूच हाक मारलीस, आन् शेवटाला एकदम वरडलास. घरात कुनी आजारी हाय, उठंना व्हय रं?"