पणजोबांच्या जन्माचे पेढे

कराडच्या कचेरीत मोडी वाचून देणारे एक म्हातारबाबा भेटले होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असायचं, आणि पान उलटण्याआधी ते त्यावर इतकी हलकी फुंकर मारायचे, की जणू आत कुणी झोपलंय.

आमच्या गावात आम्ही मूळचे नाहीच, असं भावकीनं ठरवून टाकलं होतं. म्हणून मी पणजोबांच्या जन्माची नोंद शोधत होतो. तिसऱ्या दिवशी बाबा कोतवाल बुकावर, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीवर वाकले होते. एकदम भिंग सोडून ते ओरडले, "आवं, पोरगा झाला! पेढं आणा!"

"नाव काय लिहिलंय?"

"नाव कुटनं आसंल? बारसं व्हायचंय अजून! बापाचं नाव हाय, गाव हाय, अन् पोरगा झाला एवढंच हाय."

बापाचं नाव माझ्या खापरपणजोबांचंच होतं आणि गाव आमचंच. मी धावत जाऊन कंदी पेढे आणले आणि दिसेल त्याच्या हातावर ठेवत सुटलो. हसू काही आवरेना. दाखल्याच्या रांगेतल्या एका आजीनं पेढा कपाळाला लावून विचारलं, "बाळ-बाळंतीण बरी हायत न्हवं?"

बाबांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, नोंद नीट निरखली आणि वही हळूच मिटली.

"दोगंबी खुशाल हायत, आजी. फुडचं पान मी उलटतच न्हाई."