गुलाबी ठिपक्यांचा पत्ता

ओल्या जागेपाशी आमच्या मॅडम थबकल्या की समजावं, आता त्या वाकणार, चिमूटभर माती उचलणार आणि अत्तर हुंगावं तशी हुंगणार. असं माणूस तुम्हीही कुठं तरी पाहिलं असेल. वेरूळच्या सहलीत सगळे लेणी बघत होते. मॅडम मात्र नळाखालचा चिखल बाटलीत भरत होत्या. पहारेकऱ्यानं हटकलं, तर म्हणाल्या, "लेणी तुम्ही सांभाळा दादा, मी चिखल नेते."

आम्ही एकाच विभागात शिकवायचो. जीवाणूंची जात-कूळ ठरवणं हे त्यांचं काम. "माणसाची जात इचारणाऱ्याला मी दारात उभा करत नाय," त्या म्हणायच्या, "जीवाणूच्या मात्र सात पिढ्या खणून काढते." पण सारं आयुष्य दुसऱ्यांनी शोधलेले जीवाणू ओळखण्यात गेलं होतं. निवृत्तीआधी एक तरी नवा सापडावा, आपण त्याचं बारसं करावं, एवढी एकच हाव त्यांना होती.

आणि तो सापडला. चितेगावकडच्या एका नाल्याचं पाणी तपासताना काचेच्या बशीत गुलाबी ठिपके उगवले. तपासण्यांवरून दिसलं, हा जीवाणू आजवर कुणी नोंदलेलाच नव्हता. मॅडमनी पेढे वाटले. विभागप्रमुखांनी 'नाल्यातलं रत्न' म्हणून भाषणही ठोकलं.

मग एका दुपारी मॅडमनी मला बोलावलं आणि एक बशी पुढं सरकवली. तिच्यात नाल्याचा थेंबही नव्हता, नमुन्यात मिसळायचं नुसतं आमचं उकळलेलं पाणी. तरी गुलाबी ठिपके होतेच.

"कुकर!" त्यांनी कपाळावर हात मारला. निर्जंतुक करायचं यंत्र बिघडल्यामुळं आम्ही पाणी घरच्या कुकरात उकळायचो, आणि घाईत त्यांनी तो एका शिट्टीतच उतरवला होता; पाण्यातले जीवाणू मेलेच नव्हते. "हा नाल्यातला नाय रे. आपल्या पाण्याच्या कॅनमधला हाय. नवा हाय, पण घरचाच!"

प्रमुख हादरले. "नालाच लिहा मॅडम. कॅन लिहिलंत तर विभागाची अब्रू जाईल. आणि निबंध कुणी छापणार तर नाहीच."

"सर, त्यानं नाला बघितलासुद्धा नाय. बारशालाच खोटा पत्ता लिहू व्हय?"

मॅडमची निवृत्ती तोंडावर आली होती; नकार आला असता तर पुन्हा संधी नव्हती. प्रमुखांनी आपलं नाव काढून घेतलं आणि निबंध खऱ्या पत्त्यासह गेला.

तो छापून आला तेव्हा मॅडम निवृत्त झाल्या होत्या. तरी पेढे घेऊन आल्याच. पहिला पेढा त्यांनी कॅनच्या झाकणावर ठेवला, दुसरा प्रमुखांच्या हातावर. प्रमुखांनी तो निमूट खाल्ला.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. परवा विभागात नवा कॅन आला. जुना भंगारात द्यायला मीच उचलला आणि अर्ध्या जिन्यात बसून ढसाढसा रडलो. वर जाणारी पोरं थांबून बघत होती. प्लास्टिकच्या कॅनला कवटाळून मास्तर का रडतो, हे त्यांना कसं सांगणार?