किहीमच्या तव्यावर वासाबी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कुणाचं काही अडलं की फोन मला. गेल्या महिन्यात किहीमहून सुमनमावशीचा आला. ती घरगुती जेवणं देते.

"आगो, बंगल्यावाल्या बाईंना शनिवारी वासाबीचं मासं पायजेत. आवडलं तर दर शनिवारचं जेवान आपल्याकडं. काय असतं गो ते?"

मलाही नीट माहीत नव्हतं. भरपूर वाचलं, दादरला वासाबीची पूड आणि एक ट्यूब घेतली आणि शुक्रवारी निघाले.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडा. पावसाळ्यात ती बंद असते, एरवीही वेळा भरती-ओहोटीप्रमाणे सरकतात. आदल्या दिवशी चौकशी कराच. मी तीनदा केली. तिकीट धक्क्यावरच मिळतं. रेवसहून अलिबागच्या एसटीने चोंढीला उतरायचं आणि पुढे रिक्षा. भाडं बसण्याआधी ठरवा.

आता वासाबीबद्दल. खरं वासाबी म्हणजे जपानात थंड, वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या एका झाडाचं जाड खोड. ते अगदी खायच्या वेळी किसतात, कारण थोड्याच वेळात त्याचा झणका उडून जातो. ते महाग, म्हणून आपल्याकडे मिळतं ते बहुधा हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, मोहरी आणि हिरवा रंग. ही तिन्ही झाडं मोहरीच्याच कुळातली. हा तिखटपणा जिभेवर रेंगाळत नाही, सरळ नाकात चढतो.

हे सगळं मी मावशीला सांगितलं होतं. तव्यावर टाकायचं नाही, उष्णतेने झणका जातो, हेही. पण काही न चोळता मासा तव्यावर टाकायचा, हे तिच्या हातांना पटणारं नव्हतं. शनिवारी मी अंघोळ करून येते तो तिने सगळी पूड भिजवली होती, लिंबू पिळून हिरव्या वाटणासारखी सुरमईला चोळली होती आणि तुकडे तळायलाही घेतले होते.

आम्ही एकेक तुकडा खाल्ला. मासा सुरेख, झणका शून्य.

"ह्यात तर काय लागतच न्हाय गो!" मावशी म्हणाली. "ह्याच्यापक्षा आपली मिरची बरी."

मी घड्याळाकडे पाहिलं. पाहुणे थोड्याच वेळात येणार होते.

"कच्चाच वाढा," मावशीचे यजमान, आमचे काका, दारातून म्हणाले. "जपानी तसाच खातात म्हनं."

"नाही काका. कच्चा खायचा मासा आधी कडक गोठवून ठेवतात. आपल्या बर्फाच्या पेटीतला चालणार नाही." मग मी ठरवून टाकलं. मासा गरम वाढायचा आणि ट्यूबमधलं वासाबी वाटाण्याएवढं, ताटाच्या कडेला. "आणि हे खरं वासाबी नाही, हेही सांगायचं."

"गिऱ्हाईक घालवतेस का काय माझं?" मावशी कालथा घेऊन वळली.

पाहुणे बसले आणि मी सांगून टाकलं. बाईंच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे हॉटेलात आम्ही इतकी वर्षं काय खाल्लं?"

"बहुतेक हेच," मी म्हणाले.

तेवढ्यात एका पाहुण्यांनी वाटाण्याएवढा तो अख्खा गोळा चटणीसारखा तोंडात टाकला. नाक धरलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, मग हसू फुटलं. "अजून आहे का?"

कच्चा मासा नाही म्हणून बाई थोड्या हिरमुसल्या. पण निघताना मावशीला म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी आठ माणसं. आवडलं तर पुढचं बघू. आणि काय घातलंय ते असंच सांगत जा."

गाडी गेल्यावर मावशीने मला कोपराने ढोसलं. "बोललीस ते बरं. पन आवाज कशाला कापत व्हता? खोटं बोलनाऱ्याचा कापतो."

मुंबईत परत आल्यावर मी वासाबीची आणखी एक ट्यूब आणली. घट्ट दह्यात किंचित कालवून उकडलेल्या बटाट्यावर घ्या, छान लागतं. शिजवू मात्र नका.

काल शनिवार होता, मावशीला फोन केला. तिने उचलला आणि "थांब गो" म्हणून तसाच बाजूला ठेवला. मागे ताटं वाजत होती, कुणीतरी काहीतरी विचारलं आणि मावशीचा खणखणीत आवाज आला, "खरं न्हाय वो! मुळाचं नि मोहरीचं हाय. खरं पायजे तर जपानला जावं लागंल. वाढू का?"

पलीकडून आवाज आला, "वाढा."