नऊशे एमबी आणि एक चहा

धानोऱ्याच्या बसस्टँडसमोर सत्यशीलाबाईचं ऑनलाइन सेंटर आहे. तिथं वेळ मिनिटात सांगत नाहीत, चहात सांगतात. दाखल्याचा अर्ज भरायचा? अर्धा चहा. दहावीच्या निकालाच्या दिवशी साइट उघडायची? तीन चहा, वर एक पान. शेजारीच इतवारीची टपरी असल्यानं ही मोजणी गावाला सोयीची पडली, आणि इतवारीला तर फारच.

ही सवय जुनी. बाई गडचिरोलीत एका सायबर कॅफेत कामाला लागली तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. मोडेम आधी चरचरायचा, मग शीळ घालायचा, मग कुठं जोडणी व्हायची. त्याच्यावर वेग लिहिलेला छप्पन 'के', आणि फाइल उतरायची सेकंदाला पाच 'के'. "छप्पनचे पाच काऊन होते जी?" असं तिनं मालकाला विचारलं, तेव्हा उलगडा झाला. तारेचा वेग सांगतात बिटात, फाइलचं वजन असतं बाइटात. आठ बिटांचा एक बाइट, आणि वर हमालीचे दोन बिट. म्हणून दहानं भागायचं. भागून भागून तिला वेळेचा अंदाज यायला लागला. पुढं वेग वाढला, अर्ज चुटकीसरशी जायला लागले, आणि भागाकार गंजला. चहा तेवढा राहिला.

यंदा पोळा झाल्यावर रांगीचे श्रीहरीभाऊ पोरीला, रिनाला, घेऊन धापा टाकत सेंटरात शिरले. रिनाला झाडीपट्टीच्या नाटकात उतरायचं होतं. वडश्याच्या कंपनीचे प्रफुलभाऊ म्हणाले होते, एक प्रवेश नि एक गाणं मोबाइलवर घेऊन पाठव. चेहरा-आवाज साफ पाहिजे. आणि तीनच्या आत, कारण तीनला बसून ते हंगामाची पात्रं ठरवणार होते. रांगीत मोबाइलला रेंजची दांडीच येत नव्हती. घड्याळात अडीच वाजले होते.

"नऊ मिनिटाचा व्हिडिओ हाये. जाईन ना बाई?" रिना म्हणाली.

बाईनं पाहिलं. नऊशे एमबी. इतकी जड फाइल तिनं कधी पाठवली नव्हती. पण नवी लाइन घेताना माणूस सांगून गेला होता, पाठवायचा वेग सेकंदाला दोनचा. "नऊशे भागिले दोन. साडेचारशे सेकंद. साडेसात मिनिटं," ती म्हणाली. "एक चहा!"

तिघं निवांत टपरीवर बसली. इतवारीनं श्रीहरीभाऊला छेडलं, "पोरगी स्टेजवर जाऊन राह्यली, भाऊ. आता तिकीट काढूनच घरी शिरावं लागते तुले."

"पयले जाऊ तर दे बे!"

कप ठेवून आत आले, तर पडद्यावर सतरा टक्के.

"बाई, हे काऊन अडलं?" रिनाचा आवाज चिरकला.

बाईनं कपाळावर हात मारला. "अडलं नाई व पोरी. मीच चुकलो. लाइनवाला पायलीनं सांगून गेला, अन् मी खंडीनं समजलो. ते दोन बिटाचे हायेत. आठनं भागाचं राहूनच गेलं!" तिनं बोटांवर हिशेब केला. "साडेसात नाई, साठ मिनिटं. आठ चहा."

"आठ!" श्रीहरीभाऊ मटकन बाकावर बसले. "म्हणजे गेलं वर्ष."

"वर्ष नाई जात. वीस मिनिटं हायेत." बाई सरसावली. मिनिटभराचा व्हिडिओ शंभर एमबीचा. दोन मिनिटांचे दोनशे. गुणिले आठ, भागिले दोन, आठशे सेकंद. "दोन चहाच्या आत जाते. पण दोनच मिनिटं. कोन्ती, सांग लवकर."

"गाणं!" श्रीहरीभाऊ म्हणाले.

"नाई बाबा. म्हशीवाला तुकडा."

प्रवेशात रिना मेलेल्या भावाला हाका मारत होती, तेवढ्यात मागच्या गोठ्यात म्हैस जोरात हंबरली. रिनानं डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून मागं वळून दटावलं होतं, "थांब व माय, मले रडू तर दे!" आणि पुढची हाक त्याच सुरात मारली होती.

"लाज जाईन ना!"

"जाऊ द्या," रिना म्हणाली.

बाईनं पहिलं पाठवणं थांबवलं, तुकडा कापला, आणि तो चढवला. कोणी चहा प्यायला उठलं नाही. इतवारी मात्र कपडा खांद्यावर टाकून दारात येऊन उभा राहिला. तीनला दोन मिनिटं कमी असताना हिरवी खूण आली.

सव्वातीनला रिनाचा फोन वाजला. तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"हे म्हशीले दटावलं, ते नाटकात लिवलं हाये का?" प्रफुलभाऊ विचारत होते.

"नाई जी. ते... निंगून गेलं तोंडातून."

"बाकीच्यांचे मोठेमोठे इथी अजून उतरूनच राह्यले, चकरी फिरून राह्यली. तुयाच तेवढा लागला. आमी चारदा पाह्यला. मांडवात कुत्रं शिरते, लाइट जाते, लेकरू भोकाड पसरते. तवा रडणं न तुटणारी बाई पाहिजे आमाले. परवा तालमीले ये."

रिनानं बाईला अशी मिठी मारली की खुर्ची सरकली.

"बाई," इतवारी कुरकुरला, "आठ चहाचं गिऱ्हाईक होतं, एकातच उरकलं तुमी."

"तर उरलेले सात आन आता!"

श्रीहरीभाऊंनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "घरी जाऊन म्हशीले दोन पेंड्या जास्तीच्या टाकतो."

"दोन काऊन जी?" सत्यशीलाबाई म्हणाली. "आठनं गुणा!"