मोठ्या सिस्टरांच्या नावाने चालणारा मजला

इस्पितळाच्या संगणक विभागात काका एकटेच. नवा माणूस आला की त्याचं खातं उघडायचं, गेला की बंद करायचं. बंद करण्याआधी ते त्या माणसाला भेटून येत. "नुसतं नाव पुसायला मी काय डस्टर आहे?" म्हणत.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. काका त्यांना भेटून आले आणि पाचला खातं बंद केलं. सव्वापाचला फोन घणघणला.

"काका, एकाही पेशंटची औषधं दिसत नाहीत! सहाचे डोस आहेत हो!"

"तुमच्या नावाने उघडा की."

पलीकडची नर्स हळूच म्हणाली, "आम्ही सगळ्या मोठ्या सिस्टरांच्याच नावाने उघडतो. आमचे पासवर्ड कोणाला आठवतायत!"

काका जिना चढून गेले. मोठ्या सिस्टर अजून तिथेच, हातात निरोपाची फुलं.

"माझं चालू करा ना तासभर. आभाळ कोसळणार आहे?"

"आणि डोस चुकला तर जाब कोणाला विचारू? तुमच्या घरी येऊन तुम्हाला?"

"अहो, पोरींना दर वेळी पासवर्ड टाकायला सवड कुठे? सकाळी एकदा माझ्या नावाने उघडलं, की दिवसभर चालायचं."

"तरीच! मला वाटायचं, ही बाई रजेतही औषधं देते. चारचौघांत कौतुक करत होतो मी!"

सिस्टर हसल्या, पण नजर घड्याळावर. काका स्टुलावर बसले. कामावर सहाजणी होत्या. एकेकीला समोर घेऊन नवा पासवर्ड.

"नवऱ्याचं नाव नको."

"लग्न कुठे झालंय माझं?"

"मग होणाऱ्याचंही नको."

सहाला चार मिनिटं असताना शेवटचीचं खातं उघडलं. औषधांची गाडी खडखडत निघाली.

मोठ्या सिस्टर सवयीने संगणकापुढे बसल्या. सात नंबरचा ताप बघायचा होता. त्यांनी आपलं नाव घातलं. उघडेना. पुन्हा घातलं. मग काकांकडे पाहिलं. काकांचा हात कळफलकापर्यंत गेला आणि मागे आला.

"आता हिला विचारावं लागेल, सिस्टर," ते खालच्या आवाजात म्हणाले.

शेजारी सर्वांत धाकटी उभी होती. सिस्टर उठल्या, खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बघ गं, सातचा किती आहे?"

तिने अडखळत पासवर्ड टाकला. "शंभर. उतरतोय."

"पाणी पाजत राहा त्याला," सिस्टर म्हणाल्या आणि फुलं उचलली.