‘मोजले नाही’ असा एक रकाना

एर्लांगेन, नोव्हेंबरातला दुसरा रविवार

आधी क्षमा मागते. या गौरवग्रंथासाठी लेख द्या, असं संपादक मंडळाने मला वसंतातच कळवलं होतं. मी लगेच होकार दिला आणि मग सगळा उन्हाळा गप्प राहिले. तीन स्मरणपत्रं आली, त्यांनाही उत्तर दिलं नाही. कामाचा व्याप होता, मुलीची शाळा बदलली होती. ही कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. श्रीमती सुमनताई टिळेकरांविषयी माझ्यापाशी सांगण्यासारखी जी सर्वांत मोठी गोष्ट आहे, तिची सुरुवात माझ्या लबाडीने होते. ती वगळून मी हा लेख दोनदा लिहिला. दोन्ही वेळा वाचायला बरा वाटला आणि दोन्ही वेळा फाडला. ताईंच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात मी तरी अर्धवट लिहू नये, एवढं अखेर ठरलं. म्हणून आता सगळंच लिहिते.

ताईंची माझी पहिली भेट त्यांच्या कार्यालयाच्या दारात झाली. पुण्याहून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी इथल्या, जर्मनीच्या फ्रँकन भागातल्या विद्यापीठात नुकतीच आले होते. अभ्यासक्रमात एक पूर्ण सत्र कारखान्यात काम करायचं असतं. त्याला इथे प्राक्टिकुम म्हणतात आणि ते झाल्याशिवाय पदवी मिळत नाही. त्या कामाच्या जागा ठरवणाऱ्या कार्यालयाच्या दारावर ‘एस. टिळेकर’ अशी पाटी दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. मी रांग ओलांडून आत डोकावले आणि मराठीत म्हणाले, नमस्कार, मी पुण्याची. ताईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि शांतपणे जर्मनमध्ये सांगितलं की माझा क्रमांक या पोलिश विद्यार्थ्याच्या मागे आहे. माझी पाळी आल्यावरही सगळं जर्मनमध्येच झालं. माझं जर्मन तेव्हा इतकं कच्चं होतं की मी रडकुंडीला आले.

संध्याकाळी त्या सायकलचं कुलूप काढत होत्या तेव्हा मी समोर आले. त्यांनी मराठीत विचारलं, खोली मिळाली का, जेवणाचं काय करतेस. मी जरा फुगूनच विचारलं की मग आत मराठी का बोलला नाहीत.

“रांगेतल्या बाकीच्यांना वाटलं असतं, हिला काहीतरी वेगळं मिळतंय.”

“मिळणार होतं का?”

“नाही ना. मग तसं वाटू तरी का द्यायचं?”

जाता जाता मी त्यांना काकू म्हणाले. त्यावर त्यांनी बजावलं की काकू त्या फक्त घरी आणि तेही रविवारी. तेव्हापासून आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो.

ताई स्वतः सांगलीत यंत्र अभियांत्रिकी शिकल्या. लग्नानंतर जर्मनीत आल्या तेव्हा त्यांच्या पदवीला इथे कुणी विचारलं नाही. त्याच कार्यालयात अर्ज फायलींत लावण्याचं काम त्यांनी घेतलं आणि पुढे त्याच कार्यालयाच्या प्रमुख झाल्या. त्या येण्याआधी आमच्या विद्यापीठातले विद्यार्थी जवळपासच्या ओळखीच्या कारखान्यांत जात. त्यांचे पालक, शेजारी तिथेच कामाला असत. बाहेरून आलेल्यांना जागा मिळणं अवघड होतं. ताईंनी पोलंड, स्पेन, पोर्तुगाल, फिनलंड अशा देशांतल्या विद्यापीठांना पत्रं लिहिली: तुमचे विद्यार्थी आमच्याकडच्या कारखान्यांत पाठवा, आमचे आम्ही तुमच्याकडे पाठवतो. विद्यापीठं लगेच तयार झाली. कारखाने होत नव्हते. भाषा न येणारं परकं पोर महागड्या यंत्रापाशी उभं करायला कुणीही सहजी राजी होत नाही, आणि आज मीही एका कारखान्यात त्या बाजूला बसते म्हणून त्यांची काळजी मला समजतेही.

पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचं दार उघडायला ताईंना दोन वर्षं लागली. किती वेळा त्या आगगाडीत सायकल घालून तिकडे गेल्या असतील, त्यांनाच ठाऊक. शेवटी संचालकांनी एका उन्हाळ्यापुरते तीन विद्यार्थी घेतले. पुढे ठेवायचं की नाही हे ते शरद ऋतूत ठरवणार होते, आणि आजूबाजूचे इतर कारखाने त्यांच्याकडे डोळे लावून होते. त्या तिघांत स्पेनची पिलार होती, पोलंडचा तोमाश होता आणि मी होते.

माझं काम साधं होतं. नव्या प्रकारच्या ग्रीसवर पंपाचं बेअरिंग किती तापतं, हे रोज सकाळी दहा वाजता मोजायचं आणि छापील तक्त्यात लिहायचं. सोमवार ते शुक्रवार, पाच रकाने. आठवड्याच्या शेवटी आमचे प्रमुख कारागीर हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांडल त्यावर सही करत. एक दिवस ताई आमची विचारपूस करायला कारखान्यात आल्या. हेर ब्रांडल कॉफी आणायला गेले होते, आम्ही दोघी कँटीनमध्ये बसलो होतो. ताई माझे तक्ते चाळत होत्या. एका पानावर थांबल्या आणि विद्यापीठाच्या कामात पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलल्या. प्रकरण गंभीर आहे हे मला त्यावरूनच कळलं.

“ह्या गुरुवारी कुठे होतीस?”

“सुट्टी होती, ताई. चर्चचा सण होता. आम्ही तळ्यावर गेलो होतो.”

“आणि शुक्रवारी?”

“शुक्रवारी सगळ्यांनी जोडून रजा घेतली. हॉल बंदच होता.”

“पंप?”

“तोही बंद.”

त्यांनी तक्ता माझ्याकडे फिरवला. “मग बंद पंपाचं बेअरिंग चौपन्न अंशांवर कसं गेलं?”

मी त्यांना समजावून सांगायला लागले. होय, समजावून. रकाने रिकामे दिसले असते म्हणून मी आलेखाची रेघ पुढे ओढली आणि तिच्यावरचे आकडे उचलून लिहिले. आमच्या कॉलेजात जर्नलमध्ये एक जागा कोरी राहिली तरी सर सही करत नसत. सबमिशनच्या आठवड्यात आम्ही आधी आलेख काढायचो आणि मग त्यावरून नोंदी भरायचो. मी हे सगळं एखादी पद्धत सांगावी तसं सांगितलं. आज मला आकड्यांपेक्षा त्या स्वराची जास्त लाज वाटते.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “सांगलीत आम्हीही हेच करायचो. पण इथे ह्या आकड्यांवरून कुणीतरी ग्रीस निवडणार आहे.”

तेव्हा कुठे आपण काय केलं ते मला कळलं. मी विनवलं की पान फाडते, नवं लिहिते, अजून कुणाला कळलेलं नाही. कळलं तर आम्हा तिघांनाही घरी पाठवतील, पुढच्या वर्षी कुणालाच घेणार नाहीत, आणि तुमची दोन वर्षं पाण्यात जातील.

“माझी दोन वर्षं मी बघते,” ताई म्हणाल्या. “तू तुझं पान बघ.”

एवढ्यात हेर ब्रांडल कॉफी घेऊन आले. ताई लगेच जर्मनमध्ये म्हणाल्या की मीनलला तुम्हाला काही सांगायचं आहे, आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. पुढचे सगळे शब्द मलाच शोधावे लागले. हेर ब्रांडलनी तक्ता हातात घेतला. खाली त्यांचीच सही होती. ते कानांपर्यंत लाल झाले. “आल्झो,” म्हणजे ‘असं तर’, एवढंच म्हणाले आणि तक्ता खाली ठेवला. मग त्यांनी ताईंना विचारलं की हे वर जाणार आणि त्यात माझंही नाव असणार, याची तुम्हाला कल्पना आहे ना. ताई म्हणाल्या की माझं नाव तुमच्या आधी असेल, कारण रिकामा रकाना रिकामा कसा ठेवायचा हे मी विद्यार्थ्यांना कधी शिकवलं नाही. त्यांनी तिथेच कागद मागून संचालकांना चार ओळी लिहिल्या आणि सर्वांत वर स्वतःची सही केली.

नंतरचा आठवडा मी विसरलेले नाही. तोमाश माझ्याशी बोलेना. त्याचं बरोबरच होतं, माझ्या दोन रकान्यांपायी त्याचं सत्र बुडणार होतं. पिलार रोज सकाळी विचारायची, बॅग आज भरायची की उद्या. हेर ब्रांडलनी मात्र मला पहिल्या दिवसापासून सगळी मापं पुन्हा घ्यायला लावली आणि रोज दहाच्या ठोक्याला मागे येऊन उभे राहू लागले.

संचालक स्वतः खाली हॉलमध्ये आले तो दिवस शुक्रवारचा. त्यांनी नवा तक्ता मागितला. बुधवारच्या रकान्यात आडवी रेघ होती आणि शेजारी मी लिहिलं होतं, मोजले नाही, तापमापकाची तार सुटली होती. त्यांनी हेर ब्रांडलना विचारलं, खरंच सुटली होती का. ब्रांडल म्हणाले, गेनाऊ, अगदी खरं, मीच ती पुन्हा जोडली. संचालकांनी तक्ता परत दिला.

“त्या बाईंना कळवा,” ते म्हणाले, “पुढच्या वर्षी पाच जण पाठवा.”

तोमाशने हातातला पाना खाली टाकला आणि मला उचलून गोल फिरवलं. हॉलमधली माणसं काम थांबवून बघत होती. मी फोनवर ताईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मला रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागला. आनंदाच्या भरात मी हेही सांगितलं की नवे आकडे माझ्या बनावट आकड्यांपासून जेमतेम दीड अंश दूर आलेत. त्या म्हणाल्या, “म्हणजे अंदाज चांगला आहे तुझा. तो वेगळ्या कागदावर लिहीत जा.”

त्याच वर्षी ताईंनी प्राक्टिकुमचा तक्ता नव्याने छापून घेतला. त्यात शेवटी एक रकाना आला: मोजले नाही, कारण. शेजारच्या कारखान्यांना तो तक्ता आवडला आणि एकामागून एक दारं उघडत गेली. आज तो पोलिशमध्ये आहे, स्पॅनिशमध्ये आहे, पोर्तुगीज आणि फिनिशमध्येही आहे. ताईंनी जोडलेल्या विद्यापीठांचे विद्यार्थी या देशातून त्या देशात जातात आणि कारखान्यातल्या पहिल्याच दिवशी त्यांना हा रकाना दाखवला जातो. तो कुठून आला हे त्यांना माहीत नसतं. या ग्रंथाच्या वाचकांना तरी ते माहीत असावं.

ताईंच्या मायेविषयी इतरांनी लिहिलंच असेल, म्हणून मी एकच आठवण सांगते. खोलीच्या शोधात मला चार ठिकाणी नकार मिळाला तेव्हा पाचव्या घरी ताई माझ्याबरोबर आल्या. घरमालकीणबाईंना शंका होती की ही मसाल्यांचं काहीतरी शिजवणार. ताईंनी मान्य केलं की हो, शिजवणार, आणि रविवारी त्यांच्या यजमानांच्या, म्हणजे टिळेकर काकांच्या, हातची साबुदाण्याची खिचडी त्यांच्या घरी पोचती केली. खोली मिळाली. पुढे त्या बाई खिचडीसाठी काकांनाच फोन करायच्या.

पण ताईंच्या प्रत्येक निर्णयाने सगळे सुखावले असं लिहिलं तर तेही खोटं होईल. म्युनिकच्या एका सद्गृहस्थांनी आपल्या भाच्याचं ‘जरा बघा’ म्हटलं, तेव्हा ताईंनी त्यांना कार्यालयाची वेळ सांगितली: मंगळवारी दहा ते बारा, रांगेत. जर्मनीतच, एश्बॉर्नला मित्रांजवळ राहू पाहणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याला त्यांनी उत्तर फिनलंडच्या एका गावात पाठवलं. काम उत्तम होतं, पण तो अख्खा हिवाळा तिथे एकटा होता. या ग्रंथासाठी त्यालाही विचारलं होतं, त्याने नम्रपणे नाही म्हटलं. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला सांगता येत नाही.

आज सकाळी मी फोनवर ताईंना हा लेख वाचून दाखवला. मागून काका विचारत होते, अगं काय लिहिलंय, मलाही ऐकू दे. ताई म्हणाल्या, “छाप. पण ब्रांडलचं नाव बदल, त्यांच्या नातवंडांनी का वाचावं? आणि सांगलीचं वाक्य काढू नकोस. मला फार चांगली करून ठेवशील.” नाव बदललं आहे, वाक्य ठेवलं आहे.

मग त्यांनी विचारलं की तुझ्याकडे सध्या कोण आहे. मी सांगितलं, पोर्तुगालची मार्ता, ऑक्टोबरात आली, फार हुशार आहे, तिचे तक्ते स्वच्छ असतात, एक रकाना कोरा नाही. ताई पलीकडे काही बोलल्या नाहीत. फोन ठेवल्यावर मी ते तक्ते काढून बसले. चार आठवड्यांच्या चारपैकी तीन तक्त्यांवर माझी सही आहे. सही करताना मी एकदाही तिच्या यंत्रापाशी गेलेले नव्हते. तिने काही चुकीचं केलं असेल असं मला वाटत नाही. पण मला ते माहीत नाही, आणि सही तर माहीत असल्याची आहे.

ताईंसाठी पंचाहत्तराव्या वर्षी मी काय मागू? गुडघे सायकल चालवण्याइतके बळकट राहोत, डोळे बारीक आकडे वाचण्याइतके तीक्ष्ण राहोत, काकांच्या खिचडीची चव तशीच राहो, आणि आम्हाला फोनवर गप्प बसून प्रश्न विचारणारं हे माणूस पुष्कळ, पुष्कळ वर्षं निरोगी लाभो. त्यांनी उघडलेल्या दारांतून मुलं येतच आहेत, जातच आहेत. यापेक्षा मोठा विजय मी पाहिलेला नाही.

उद्या: चौथ्या तक्त्यावर सही करण्याआधी दहा वाजता मार्ताच्या शेजारी उभं राहायचं.