खोकल्याचं औषध आणि शिंदी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आजोबांनी मेंढरं राखली, वडील सोलापुरात येऊन गिरणीत मागावर लागले आणि मी बी.ए. झालो. याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण त्याच तोऱ्यात मी एकदा वडिलांचा जीव घालवायला निघालो होतो, हेही सांगितलं पाहिजे.

त्या थंडीत त्यांना खोकल्यानं धरलं. सुताच्या धुळीनं छाती भरलेली. वैद्याच्या पुड्यांनी उतार पडेना, म्हणून मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बाटली दिली. तिच्यावर कातरलेली कागदाची पट्टी, एक खूण म्हणजे एक डोस. वरचं इंग्रजी मी साऱ्या चाळीला वाचून दाखवलं.

वडिलांनी विचारलं, "अनुपान काय सांगितलंय?"

वैद्य कुठलंही औषध नुसतं देत नसे. मधातून घ्या, तुपातून घ्या, असं काहीतरी बजावून सांगे. मी हसलो. "आबा, डॉक्टरी औषधाला अनुपान नसतं. घ्या कशाबरोबर बी."

रविवारी दुपारी मी घरी आलो तर वडील भिंतीशी पडलेले. बाटली एकदम दोन खुणा उतरली होती आणि शेजारच्या लोट्याला शिंदीचा आंबूस वास येत होता. मी हाका मारल्या. पापणी हलेना.

शेजारचे मामा दारातून म्हणाले, "रविवारची शिंदी चढलीया, दुसरं काय! कालिजात कदी वास घेतला न्हाय व्हय? झोपू द्या की."

पण ही झोप नव्हती. ओठ काळे-निळे पडत होते. एक श्वास आला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. आईला त्यांच्या उशाशी बसवून मी डॉक्टरांकडे धावत गेलो आणि त्यांना घेऊनच आलो.

डॉक्टरांनी पापण्या उघडून पाहिल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. "दारू घेतली होती?"

आईनं पदर तोंडाशी नेला. "न्हाय हो, शिवत बी न्हाईत." शिकलेल्या लेकाची अब्रू राखत होती बिचारी. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी ती राखली गेली असती.

"शिंदी प्यायलेत," मी म्हणालो. "औषध तिच्यातूनच घेतलंय. कशाबरोबर बी घ्या, असं मीच सांगितलं होतं."

डॉक्टरांनी बाटली उचलून उजेडात धरली. "या बाटलीत अफूचा अर्क आहे. अफू श्वास मंदावते, शिंदी तो आणखी दाबते. त्यात यांनी डोस दुप्पट घेतलाय. धरा यांना."

रबरी नळी पोटात गेली, पाणी वर-खाली झालं. मग आम्ही त्यांना उठवून बसवलं. "डोळा लागू देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "चिमटे काढा, थोबाडीत मारा, पण जागे ठेवा."

बापाच्या गालावर हात उगारायचा! मामांना ते जमेना. मी मारली. मान लुळीच. पुन्हा मारली. आई तोंड फिरवून बसली. ऊन उंबऱ्यावरून सरकून अंगणात गेलं तरी माझा हात चालूच होता.

शेवटी कुणीतरी माझं मनगट पकडलं. वडीलच होते.

"बापाला मारतूस व्हय रं?" शब्द जडच, पण सूर त्यांचा नेहमीचा. आई हुंदका देऊन हसली. वडिलांचे डोळे मात्र परत मिटायला लागले.

"थांबू नका," डॉक्टर म्हणाले.

मी मनगट सोडवलं आणि आणखी एक ठेवून दिली.